घरातल्या जुन्या तारा कशा वाचायच्या: पहिल्यांदाच गठ्ठा उघडणाऱ्यांसाठी

गिरगाव, परळ, दादरमधल्या जुन्या चाळी पुनर्विकासाला जातायत. खोली रिकामी करायची म्हणून माळा उपसला जातो आणि पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, भाडेपावत्यांच्या खाली, पिवळ्या पडलेल्या तारा सापडतात. कुणीतरी एक तार उचलून मोठ्याने वाचतं, "फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली". सगळे क्षणभर गप्प होतात आणि गठ्ठा रद्दीच्या पोत्यात जातो. आमच्या घरातला गठ्ठा मी ठेवून घेतला, वेळ काढून लावला. नंतर नात्यातल्या आणि शेजारच्या काही घरांचे गठ्ठेही लावून दिले. प्रत्येक ठिकाणी लोक त्याच जागी अडतात, म्हणून हे सगळं एकत्र लिहून ठेवतोय.

भारतातली तारसेवा 15 जुलै 2013 पासून बंद आहे, तेव्हा तार पाठवायचे नियम आता कुणाला पाळायचे नाहीत. पण ते माहीत नसतील तर हातातली तार वाचता येत नाही. तारेतला प्रत्येक शब्द पैसे मोजून घेतलेला असायचा. त्याचा भाव काय होता हे कळल्याशिवाय पाठवणाऱ्याच्या सुरावरून काहीही ठरवू नका. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

जवळ काय काय हवं

- भिंग आणि बऱ्यापैकी कॅमेरा असलेला मोबाइल
- मऊ शिशाची पेन्सिल (शाईचं पेन टेबलावरसुद्धा ठेवू नका)
- आम्लविरहित कागदाची पाकिटं. ती मिळेपर्यंत स्वच्छ कोरे कागद
- घरातल्या माणसांची यादी, कागदोपत्री नावं आणि हाक मारायची नावं दोन्ही: भाऊ, तात्या, नाना, अक्का, माई
- त्याच ट्रंकेतली पत्रं, मनिऑर्डरच्या पोचपावत्या, तार ऑफिसच्या पावत्या
- शक्य असेल तर त्या काळातलं पंचांग
- घरातलं सर्वांत वयस्कर माणूस, ज्याला अजून नावं आठवतात

शेवटची गोष्ट सर्वांत आधी मिळवा. बाकी सगळं नंतरही मिळतं.

## 1. वाचण्याआधी कागद सांभाळा

प्रत्येक तारेचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पाठकोरी वाटली तरी काढा, कारण मागे पेन्सिलीने लिहिलेला हिशेब, गाडीची वेळ, कुणाला निरोप द्यायचा त्याचं नाव असं बरंच काही सापडतं.

ओलं फडकं अजिबात लावू नका. पुष्कळ तारा तारमास्तरांनी कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. कोरड्या असताना त्या साध्या शिशाच्या वाटतात. पाण्याचा थेंब पडला की अक्षर जांभळं होऊन पसरतं आणि मग वाचता येत नाही. नंतरच्या काळातल्या तारांवर टेलिप्रिंटरच्या (तारेने आलेला मजकूर आपोआप छापणाऱ्या यंत्राच्या) छापील पट्ट्या डिंकाने चिकटवलेल्या असतात. डिंक वाळला की पट्टी सुटते. सुटलेली पट्टी त्याच तारेच्या पाकिटात ठेवा, सेलोटेपने चिकटवू नका. लॅमिनेशन तर नकोच.

एकोणिसाव्या शतकातल्या पावत्या निघाल्या तर त्यांच्यावर अर्धं कापलेलं तिकीट दिसेल. ते फाटलेलं आहे असं समजून टाकू नका. तारखात्याची त्या काळी स्वतंत्र तिकिटं होती. तिकीट कापून त्याचा एक भाग ऑफिसच्या फॉर्मवर राहायचा आणि दुसरा पावतीवर ग्राहकाच्या हातात यायचा.

## 2. छापील मथळ्यावरून काळ ओळखा

तारेवर तारीख आणि महिना असतो, पण वर्ष पुष्कळदा शिक्क्यातच असतं आणि शिक्का पुसट असतो. अशा वेळी छापील फॉर्म कामाला येतो.

मथळ्यावर नुसतं तारखात्याचं नाव असेल तर तार बहुधा 1914 च्या आधीची. त्या वर्षी टपाल आणि तार ही दोन खाती एक झाली आणि फॉर्मवर 'पोस्ट्स अँड टेलिग्राफ्स' आलं. जुने फॉर्म संपेपर्यंत वापरले जायचे, त्यामुळे एखाद-दुसरं वर्ष इकडे तिकडे धरा. मुकुट असेल तर इंग्रजांच्या काळातली, सिंहांची राजमुद्रा असेल तर प्रजासत्ताकानंतरची. 1985 मध्ये टपाल आणि दूरसंचार पुन्हा वेगळे झाले.

पावतीवरचे पैसेही बोलतात. आणे-पै असतील तर 1 एप्रिल 1957 च्या आधीचा कागद. 'नये पैसे' असतील तर 1957 ते 1964 या मधल्या वर्षांतला. पत्त्यात 'बॉम्बे 4' असं असेल तर ते गिरगाव, आणि तार 1972 च्या आधीची असण्याचा संभव जास्त. त्या वर्षी 15 ऑगस्टला पिनकोड आला आणि तोच 4 पुढे 400004 मध्ये शेवटी जाऊन बसला. तसंच 12 म्हणजे परळ, 14 आणि 28 म्हणजे दादर.

## 3. सगळ्यांत वरची ओळ सोडून पुढे जाऊ नका

बहुतेक लोक मजकुराकडे धावतात आणि माथ्यावरचे आकडे सोडून देतात. खरी माहिती तिथेच आहे. फॉर्मवर बारीक अक्षरात तिचा क्रमही छापलेला असतो: तारेचा वर्ग, तार ऑफिसात दिल्याची वेळ, अनुक्रमांक (हा फक्त परदेशी तारांना), ज्या गावाहून निघाली ते ऑफिस, तारीख, काही खास सूचना असतील तर त्या, आणि सगळ्यात शेवटी शब्दांची संख्या.

हा क्रम एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा आणि त्या ओळीतली एकेक गोष्ट त्याच्याखाली मांडा. उदाहरणार्थ, ओळीत एक्सप्रेस, 10-35, रत्नागिरी, 14 आणि 9 असं असेल, तर 14 ही तारीख आणि 9 ही शब्दसंख्या. लोक हमखास 14-9 ही जोडी चौदा सप्टेंबर समजतात, आणि मग पुढचं सगळं गणित बिघडतं.

गावाचं नाव वाचताना लक्षात ठेवा की ते तार ऑफिसचं नाव आहे, माणसाच्या गावाचं नाही. कोकणातल्या आडगावातला माणूस दहा-बारा कोस चालून जिथे तार ऑफिस होतं तिथे जायचा. तारेवर रत्नागिरी आहे म्हणून तो रत्नागिरीचा ठरत नाही.

## 4. वेळ कुठल्या घड्याळाची?

मुंबईकरांच्या तारांमध्ये हा गुंता खास आहे. आजची भारतीय प्रमाणवेळ 1906 पासूनची. त्याआधी रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेळेवर चालायचं, तर मुंबई शहर मुंबईच्या वेळेवर, म्हणजे जवळपास अर्धा तास मागे. प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने आपली वेळ लगेच सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातली काही घड्याळं तशीच चालत होती.

त्यामुळे घरातल्या डायरीत "तार नऊ वाजता आली" असं असेल आणि तारेवरचा शिक्का साडेनऊचा असेल तर दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, देशभरची घड्याळं आणखी एक तास पुढे केली होती, तेही हिशेबात धरा. मृत्यूची वेळ, जन्मवेळ अशा गोष्टी कुणी तारेवरून ठरवत असेल तर ही पायरी दोनदा वाचा. तारेवरची वेळ ही तार ऑफिसात दिल्याची वेळ असते, घटना आधी घडून गेलेली असते.

## 5. शब्द मोजा आणि पैसे मांडा

फेब्रुवारी 1855 मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली तेव्हा दर होता 16 शब्दांना एक रुपया, दर 400 मैलांच्या टप्प्याला. पत्ताही त्या 16 शब्दांत मोजायचा. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत दिली तर दुप्पट. हे दर 1882 पर्यंत टिकले.

मुंबईहून पुण्याला तार करायची तर पहिल्याच टप्प्यात काम व्हायचं, म्हणजे एक रुपया. रुपयाचे सोळा आणे. म्हणजे शब्दाला एक आणा. आता हे शेजारी ठेवा: 1854 च्या टपाल कायद्याने पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जायचं. म्हणजे तारेतल्या एका शब्दाच्या पैशात दोन पत्रं जायची, आणि एका तारेच्या पैशात बत्तीस. 1879 मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं, तेव्हा एका तारेची चौसष्ट पोस्टकार्डं झाली. कलकत्त्याला तार करायची असेल तर 400 मैलांचे टप्पे वाढत जायचे आणि त्या मानाने रुपयेही.

हे गणित एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करा. "रीच्ड सेफली" एवढ्या दोन शब्दांची तार कोरडी वाटते. पण ती करणाऱ्याने पत्त्याचे आणि नावाचे पैसे भरूनच ते दोन शब्द घेतलेत. घरी कुणी काळजीत बसू नये म्हणून त्याने पोस्टकार्डाच्या कित्येक पट खर्च केलाय. मला तर अशा तारा सगळ्यांत मायेच्या वाटतात.

1882 नंतर दर अनेकदा बदलले, वर्ग बदलले, किमान शब्दसंख्या बदलली. तुमच्या तारेच्या वर्षाचा नेमका दर हवा असेल तर त्या वर्षाचं पोस्ट अँड टेलिग्राफ गाइड (दर आणि नियमांचं सरकारी पुस्तक) शोधा. एका वर्षाचा दर दुसऱ्या वर्षाला लावू नका. टोकाचं उदाहरण सांगतो: स्वातंत्र्यानंतर देशांतर्गत तार अनेक दशकं थोडक्या पैशांत व्हायची, आणि 2011 मध्ये एकदम 50 शब्दांना 27 रुपये झाली.

मोजताना एवढं सांभाळा:

- वरच्या ओळीतली शब्दसंख्या आणि तुमची मोजणी जुळली पाहिजे. जुळली नाही तर एखादी पट्टी गळलीय, दुसरं पान हरवलंय किंवा पत्ता धरण्या-सोडण्यात फरक पडलाय.
- ज्या तार ऑफिसला तार जायची त्याचं नाव, कितीही लांब असलं तरी, एकच शब्द धरायचे.
- परदेशी तारांच्या नियमात साध्या भाषेतला 15 अक्षरांपर्यंतचा शब्द एक, त्यापुढे दुसरा. आकडे पाच-पाचचे गट करून. म्हणजे 12500 हा एक शब्द आणि 125000 हे दोन. व्यापारी तारांत रकमा अर्धवट का वाटतात, त्याचं उत्तर इथे मिळतं.
- फॉर्मवर खाली पाठवणाऱ्याची सही आणि पूर्ण पत्ता असायचा, पण तो तारेने जात नसे. म्हणून पोचलेल्या तारेत नुसतं "भाऊ" असतं. पाठवणाऱ्याची प्रत किंवा पावती सापडली तर पूर्ण नाव तिथे मिळेल.
- पावतीवर 0-12-0 असेल तर ते बारा आणे. बारा रुपये नव्हेत. मधला आकडा आण्यांचा, शेवटचा पैंचा.

## 6. पत्ता नीट उलगडा

गिरणगावातल्या माणसाचा पत्ता फार वेळा त्याच्या खोलीचा नसतो. खानावळ, दुकान, गिरणीतलं खातं, गावच्या मंडळाची खोली असं काहीही असू शकतं. तार हातात पडण्याची खात्री जिथे जास्त, तो पत्ता. म्हणून पत्त्यातल्या दुकानदाराला नातेवाईक समजून वंशावळीत बसवू नका.

पेढी, गिरणी किंवा कंपनीला आलेल्या तारेत पत्त्याच्या जागी एकच विचित्र शब्द दिसतो. तो नोंदवलेला तारेचा पत्ता. वर्षाचे पैसे भरून तार ऑफिसात असा शब्द नोंदवता यायचा, आणि पाठवणाऱ्याचे पत्त्याचे शब्द वाचायचे. जुन्या लेटरहेडवर कोपऱ्यात हा शब्द छापलेला असतो. आजोबा कुठे नोकरीला होते हे घरात कुणाला सांगता येत नसेल, तर तो शब्द आणि एखादं लेटरहेड जुळवून पाहा.

टेलिफोनचा प्रश्न इथेच येतो. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 1882 मध्येच सुरू झालं. मग तारा कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. पण तो फोन शहरातल्या शहरात, आणि पेढ्या, कचेऱ्या, बंगले यांच्यापुरता. चाळीत फोन यायला पुढे कितीतरी वर्षं गेली, आणि गावाकडे तर आणखी. शहरातल्या फोनने तारेचंच काम हलकं केलं: फोनवरून तार सांगून लिहून द्यायची सोय झाली, तिला फोनोग्राम म्हणत. पत्त्यात 'टीएफ' आणि त्यापुढे नंबर दिसला तर ती तार फोनवर वाचून दाखवायची होती. फोनवर ऐकून लिहिलेल्या तारांत मराठी नावांची मोडतोड जास्त होते, एवढं ध्यानात ठेवा.

## 7. खुणेची अक्षरं आणि नंबर

पत्त्याच्या आधी दोन-तीन अक्षरं असतील तर ती पाठवणाऱ्याने घेतलेली सोय आहे. नेहमी भेटणारी एवढीच:

- आरपी: उत्तराचे पैसे आधीच भरलेले. ही फार बोलकी खूण आहे. समोरच्याकडे पैसे नसतील आणि तरी उत्तर हवंच आहे, असं पाठवणाऱ्याला वाटलेलं असतं. गठ्ठ्यात उत्तराची तारही शोधा.
- पीसी: तार पोचल्याची पोच पाठवणाऱ्याला कळवायची.
- टीसी: मजकूर पुन्हा पडताळून पाठवायचा, जादा पैसे देऊन. पैशांचा किंवा कोर्टाचा मामला असण्याचा संभव.
- एक्सपी: तार ऑफिसपासून लांबच्या ठिकाणी खास माणसाकरवी पोचवायची.
- एलटी: परदेशाहून आलेली पत्र-तार. दर निम्मा, पण किमान 22 शब्दांचे पैसे. पोचायला वेळ जास्त. या तारा म्हणून जरा ऐसपैस लिहिलेल्या असतात.

परदेशी तारेवर 'व्हाया' आणि पुढे एक नाव असेल तर तो मार्ग. समुद्राखालची केबल 1870 मध्ये सुएझ, एडनमार्गे मुंबईला येऊन लागली, आणि 1927 पासून बीम वायरलेसचा, म्हणजे बिनतारी रेडिओचा, दुसरा रस्ता झाला. 1947 पासून हे काम सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आलं. तीच पुढे 1986 मध्ये व्हीएसएनएल (विदेश संचार निगम) झाली. मार्गाच्या शब्दाला पैसे पडत नसत, म्हणून तो मोजणीत धरू नका.

लग्नातल्या तारांचा वेगळा गठ्ठा करा. रंगीत फॉर्मवरच्या या तारांत तेच तेच वाक्य दिसेल. शुभेच्छांची ठरलेली वाक्यं होती आणि प्रत्येकाला नंबर होता. तारेवरून फक्त नंबर जायचा आणि इकडे पूर्ण वाक्य उमटायचं. स्वातंत्र्यानंतरच्या यादीत 1 म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, 8 म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक आयुष्यासाठी सदिच्छा, 16 म्हणजे नवदांपत्यावर ईश्वरी आशीर्वादांचा वर्षाव. तेव्हा शब्दांकडे बघू नका. कुणी, कुठून आणि मुहूर्ताच्या आधी की नंतर, ते बघा. गावोगाव विखुरलेले नातेवाईक एका तारखेला कुठे कुठे होते, हे लग्नाच्या तारांइतकं दुसरं काहीच सांगत नाही.

कापूस, सराफा, शेअर यांत असलेल्या घरांत निरर्थक शब्दांच्या तारा निघतात. ते कोड. एका शब्दामागे एक आख्खं वाक्य असायचं: भाव अमुक, गाठी इतक्या, ताबडतोब विका. एबीसी, बेंटली हे छापील कोड सगळीकडे चालायचे आणि लेटरहेडवर कोणता कोड वापरतो तेही लिहिलेलं असायचं. पण पुष्कळ पेढ्यांचा स्वतःचा खासगी कोड होता. त्याची वही मिळाली नाही तर अर्थ लावायच्या फंदात पडू नका, नुसती नोंद करून ठेवा.

## 8. तारेतली चूक ओळखायला शिका

टेलिप्रिंटर येण्याआधी तारा मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर यायच्या. पलीकडे कान लावून बसलेला माणूस बिंदू (आखूड आवाज) आणि रेघा (लांब आवाज) ऐकून अक्षरं उतरवायचा. एखादा बिंदू निसटला की अक्षर बदललं. इंग्रजी बी म्हणजे रेघ आणि तीन बिंदू. डी म्हणजे रेघ आणि दोन बिंदू. घाईत हात चालवणाऱ्याचा बी कायम एका बिंदूने आखूड पडत असेल तर रोमनमधला "बाबा" मुंबईत "दादा" होऊन उतरतो. घरावर काय प्रसंग आला असेल, याची कल्पना करा. ए आणि एन ही अक्षरं जोडून ऐकू आली तर पी होतो, त्यामुळे शंकरसारखं नाव ओळखू येईना होतं. आकड्यांत चार म्हणजे चार बिंदू आणि रेघ, पाच म्हणजे पाच बिंदू; म्हणून 14 आणि 15 तारखेचा घोळ नेहमीचा.

इंग्रजी शब्द चुकला तर उतरवणाऱ्याला अंदाजाने दुरुस्त करता यायचा. मराठी नावं, गावांची नावं, घरगुती हाका यांच्याबाबतीत त्याला अंदाज करता येत नसे. म्हणून तारेत इंग्रजी शब्द बरोबर आणि नावं चुकलेली, असं चित्र दिसतं. नाव जुळत नसेल तर आधी मोर्सचा तक्ता काढा आणि एक बिंदू वाढवून किंवा कमी करून पाहा. त्यानेही जुळलं नाही तरच नवा माणूस धरा.

चुकीची भरपाई मिळायची का, असं विचारतात. 1885 च्या तार कायद्यातच लिहिलं होतं की तार चुकली, उशिरा पोचली किंवा पोचलीच नाही तरी सरकार नुकसानीला जबाबदार नाही. तरीही फॉर्मच्या तळाशी "चौकशी करायची असल्यास हा फॉर्म सोबत आणा" अशी सूचना असायची, आणि त्या सूचनेमुळेच पुष्कळ घरांनी हे कागद जपून ठेवले.

## 9. ही भाषा कुणाची?

इथे सगळ्यांत जास्त चुकीचे अर्थ काढले जातात, म्हणून सावकाश वाचा.

देवनागरीतून तारा 1949 पासून सुरू झाल्या. त्याआधी तार इंग्रजीत, नाहीतर रोमन अक्षरांतल्या मराठीत. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिने तार करायची म्हणजे काय, तर तार ऑफिसातल्या बाबूला, शाळामास्तरांना किंवा मुंबईत जीपीओसमोर बसणाऱ्या लिहून देणाऱ्या माणसाला मजकूर सांगायचा आणि त्याने आपल्या ठरावीक इंग्रजीत लिहायचा. "सीरियस", "स्टार्ट इमिजिएटली", "एक्स्पायर्ड" हे त्या लिहिणाऱ्याचे शब्द आहेत. त्यावरून तुमच्या पणजीचा स्वभाव काढू नका.

"सीरियस"चा अर्थही जपून लावा. माणूस गेलेला असतानाही मुलाला परमुलखात एकट्याने ती बातमी वाचावी लागू नये, म्हणून "सीरियस" लिहायची पद्धत होती. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख तारेच्या आधीची निघाली तर गोंधळून जाऊ नका.

नात्यांचं तर फारच सांभाळा. इंग्रजी "अंकल"मध्ये काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे येतात. "ब्रदर" चुलत, मावस कुणीही असू शकतो. रोमन मराठीत उलटा घोटाळा: "मामा सीरियस" वाचून आजची मुलं आई समजतात, तो आईचा भाऊ. "नाना" हे हिंदीतले आजोबा नव्हेत, आपल्याकडे ते हाक मारायचं नाव. म्हणूनच सुरुवातीला घरगुती नावांची यादी करायला सांगितलं.

"लेटर फॉलोज" दिसलं की थांबा. पत्र मागाहून येतंय असा त्याचा अर्थ. त्याच तारखेचं किंवा दुसऱ्या दिवशीचं पत्र ट्रंकेत शोधा. तारेत न मावलेलं सगळं त्यात असतं. "वायर मनी" असेल तर तारेची मनिऑर्डर शोधा, पोचपावती बहुधा तिथेच खाली असते.

देवनागरी तारा मिळाल्या तर त्या वेगळ्या काढून ठेवा. "मुंबईहून निघालो" दोन शब्दांत होतं, विभक्ती जोडूनच असल्यामुळे मराठीला हा व्यवहार परवडायचा. तरीही माणसं सवयीने इंग्रजीतच तार करत राहिली, त्यामुळे या तारा कमी सापडतात. घरच्या माणसाने स्वतःच्या भाषेत काय निवडलं, ते फक्त यांत दिसतं.

## 10. नोंद करा, आणि अडलं तर कुठे जायचं

प्रत्येक तारेला एक क्रमांक द्या, पेन्सिलीने, पाकिटावर. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये एवढे रकाने पुरतात: क्रमांक, तारीख, दिल्याची वेळ, कुठून, कुठे, वर्ग, शब्द, खुणेची अक्षरं, मजकूर जसाच्या तसा, आणि शेवटी तुमचा अर्थ. मजकूर आणि अर्थ एकाच रकान्यात कधीही लिहू नका. मजकुरातल्या चुकाही तशाच उतरवा. तुम्ही दुरुस्त केलेलं नाव उद्या चुकीचं ठरलं तर मूळ कुठे होतं ते सापडलं पाहिजे.

तार ऑफिसात जुन्या तारेची नक्कल मिळेल या आशेने कुठेही खेटे घालू नका. खासगी तारांच्या प्रती थोडेच दिवस ठेवून नष्ट करत. तुमच्या हातातला कागद हीच बहुधा एकमेव प्रत.

दर, नियम, फॉर्म यांची माहिती हवी असेल तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय ही दोन ठिकाणं आहेत. जाताना ओळखपत्र न्या आणि हवं ते वर्ष पक्कं करून जा, "जुन्या तारांबद्दल काहीतरी" एवढ्यावर कुणी मदत करू शकत नाही. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय जुन्या मराठी मासिकांसाठी उपयोगी. मूळ तार नका नेऊ, फोटो न्या.

घरातल्या वयस्कर माणसाकडे मात्र मूळ तार घेऊनच जा. फोटो दाखवून चालत नाही. कागद हातात दिला की तो उलटा करून पाहतील, घडी कशी होती ते पाहतील, आणि नाव सांगतील. त्या वेळी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि ते सांगत असताना मध्ये तारीख विचारू नका. तारीख कागदावर आहेच.